सात आणि आठच्या मधली पायरी

फ्रिज अडकलाय हे मिस्त्रीबाईंना दाबाच्या काट्याकडे न बघताच कळलं. पंपाचा आवाज बदलला होता. रोज गुरगुरणारा पंप आज धापा टाकत होता. बाईंनी पिशवी खिळ्याला अडकवली, चष्मा पुसला आणि मग उगाच एक रीत म्हणून काट्याकडे पाहिलं. काटा लाल पट्ट्यात गेला होता. बाई जवळच्या स्टुलावर बसल्या आणि दोन मिनिटं नुसत्याच बसून राहिल्या.

आता हा फ्रिज म्हणजे घरातला नव्हे. शेजारपाजारच्यांना हे समजावून समजावून बाई थकल्या होत्या. एकदा वरच्या मजल्यावरच्या काकू "तुम्ही फ्रिजचंच काम करता ना" म्हणून त्यांना घरी घेऊन गेल्या आणि आपला गळका फ्रिज दाखवला. बाईंनी तोही दुरुस्त करून दिला, ती गोष्ट वेगळी. प्रयोगशाळेतला फ्रिज छताला टांगलेला होता. माणसाच्या उंचीचा धातूचा पिंप, आत एकाखाली एक तबकड्या आणि सगळ्यात खाली नखाएवढी चिप. क्वांटम संगणकाचं सगळं काम त्या चिपवर चालायचं, आणि तिला थंडी लागायची ती अशी की बाहेर अवकाशातसुद्धा तेवढी नसते. ती थंडी आणायची तर हेलियम वायू केसाएवढ्या बारीक नळीतून अखंड फिरता ठेवायचा. त्या नळीत बाहेरची हवा थोडी जरी शिरली तरी ती जागच्या जागी गोठते आणि बूच बसतं. मग सगळं यंत्र गरम होऊ द्यायचं, हवा काढायची, पुन्हा थंड करायचं. एक अख्खा आठवडा पाण्यात.

सत्तावीस वर्षांत बाईंच्या हातून असं बूच एकदाही बसलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायला म्हणून त्या इथे लागल्या. शास्त्रज्ञांना गळती सापडेना तेव्हा कोणीतरी म्हणालं, त्या वेल्डिंगवालीला बोलवा. ती आली, तिने गळती शोधली आणि नंतर तिला कोणी परत जाऊच दिलं नाही. पदवी नाही, कसला कागद नाही. मिस्त्रीबाई हे नाव मात्र चिकटलं ते कायमचं.

पुढे पाच देशांचा करार झाला. क्वांटमची यंत्रं सगळेच बांधायला निघाले होते. डॉक्टरेटवाल्यांचा सुकाळ होता, पण नळी नीट जोडणारं माणूस शोधून सापडेना. तेव्हा ठरलं, की पाच देशांनी मिळून अशी माणसं घडवायची. ज्यांच्याकडे सगळ्यात जुनं यंत्र चालतं आहे त्यांनी शिकवायचं, बाकीच्यांनी माणसं पाठवायची आणि शेवटी मिळेल ते प्रमाणपत्र पाचही देशांत चालायचं. एका तुकडीत चौघं, चार देशांतून एकेक. चार महिने शिकायचं आणि मग एक दिवस प्रात्यक्षिक परीक्षा. शिकवायला पुस्तक हवं, म्हणून बाईंकडून वही लिहून घेतली. त्या वहीचं सामायिक भाषेत निळं पुस्तक झालं. ही सामायिक भाषा पाचांपैकी एकाही देशाची नव्हती, त्यामुळे सगळेच सारखे अडखळायचे आणि भांडणं कमी व्हायची. बाईंना पदवी नसल्यामुळे नियमात बसवता येईना. तेव्हा "पुस्तकाच्या लेखिका म्हणून अपवाद" असा एक कागद निघाला, आणि त्या कागदावर बाई शिक्षिका झाल्या.

आता आठवी तुकडी चालू होती, आणि तिच्यातल्या शेवटच्या मुलीच्या परीक्षेत फ्रिज अडकला होता.

परीक्षेची पद्धत अशी: पाच कामांच्या पाच चिठ्ठ्या. जी निघेल ते काम एकट्याने करायचं. शिक्षिकेने पिवळ्या पट्टीच्या मागे, हात पाठीशी बांधून उभं राहायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. मुलीला चिठ्ठी निघाली ती सापळ्याची. सापळा म्हणजे वायूतला कचरा पकडणारं भांडं. यंत्र चालू असताना तो काढायचा, धुवायचा आणि परत जोडायचा. मुलीने काम केलं ते इतकं नीटस, की पट्टीमागे उभ्या बाईंना वाटलं, चला, ही तरी सुटली. आदल्या दिवशी दुपारी चारला काम संपलं होतं. सकाळी येऊन बघतात तर बूच.

ही मुलगी तुकडीत सगळ्यात लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणायचे. तिच्या देशात यंत्र अजून चालू व्हायचं होतं. अकरा पेट्यांत भरून ते एका गोदामात पडलं होतं, आणि ते उघडून उभं करायला माणूस एकच ठरला होता, तो म्हणजे धाकटी. ती नापास झाली तर नियमाप्रमाणे तिच्या देशाची पुढची पाळी दोन वर्षांनी. तोवर पेट्या बंद.

बाईंनी कपाटातून नापासाचा फॉर्म काढला. "कारण" या रकान्यापाशी पेन थांबलं. याआधी तीन वेळा त्यांनी हा रकाना भरला होता आणि तिन्ही वेळा एकच शब्द लिहिला होता: दुर्लक्ष. तिघांनाही सापळ्याचीच चिठ्ठी निघाली होती. तिघंही ज्यांच्याकडे यंत्र नाही अशा देशांतले. पाच देशांच्या समितीने त्यावरून अनुमान काढलं होतं, की या देशांच्या उमेदवारांची मुळातच तयारी कमी असते. येत्या बुधवारच्या बैठकीत तसा प्रस्तावच होता: यापुढे यंत्रावरचा एक वर्षाचा अनुभव असलेल्यांनाच पाठवावं. ज्यांच्याकडे यंत्रच नाही त्यांनी तो अनुभव कुठून आणायचा, याबद्दल प्रस्तावात चकार शब्द नव्हता. धाकटी नापास झाली की प्रस्तावाला चौथा पुरावा मिळणार होता.

पण बाई तरी काय करणार? बूच बसलं होतं हे खरंच होतं. त्यांनी "दु" लिहिलं, आणि तेवढ्यात दारात धाकटी येऊन उभी राहिली.

"बाई, आत येऊ?"

"ये. बस."

ती बसली नाही. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. "मला नापास करा, माझी तक्रार नाही. पण मी कुठे चुकले ते दाखवा. सकाळी काटा पाहिल्यापासून विचार करतेय, मला सापडत नाही. पुढच्या वेळी आमच्याकडून जी कोणी येईल, तिला निदान सांगता येईल."

बाईंचा गुडघा ठणकत होता. घरी जाऊन आडवं व्हावं एवढीच इच्छा उरली होती. चूक शोधण्यात त्यांना आता रस नव्हता. दुर्लक्ष ते दुर्लक्ष. पण पोरगी तोंडाकडे बघत उभी होती, तेव्हा "चल बाई" म्हणत त्या उठल्या. टेबलावर सरावाचा जुना सापळा पडला होता, तो पुढे ओढला. "कर पाहू सगळं. जसं काल केलंस तसंच. तोंडाने बोलत कर."

धाकटी पुस्तक न उघडता बोलू लागली. पाठच होतं तिला. पाच, सापळा धुणे. सहा, कोरडा करणे. सात, नळी जोडणे, दोन्ही आटे आधी हाताने आणि मग पान्याने आवळणे. तिने आटे आवळले. "आठ, मुख्य व्हॉल्व्ह सावकाश उघडणे," म्हणत तिचा हात व्हॉल्व्हकडे गेला, आणि तिथे आधीच दुसरा एक हात होता.

तो बाईंचा डावा हात होता. बाजूच्या छोट्या पंपाची खुंटी फिरवून तो थांबला होता, आणि बाई मनातल्या मनात आकडे मोजत होत्या. सात, आठ, नऊ. हात तिथे कधी गेला हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

"काय करताय, बाई?" धाकटीने विचारलं.

"नळी रिकामी करतेय. जोडलेल्या नळीत हवा भरलेली असते ना. ती पंपाने ओढून घ्यायची, साठ आकडे मोजायचे, आणि मग व्हॉल्व्ह उघडायचा. नाहीतर ती सगळी हवा थेट आत..." बाई बोलता बोलता थांबल्या. "हे तू काल केलं नाहीस."

"नाही."

"का नाही केलंस?"

"ही कितवी पायरी?" धाकटीने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

"पुस्तकात असेल ना! काढ."

पान एक्केचाळीस. सात, नळी जोडणे. आठ, मुख्य व्हॉल्व्ह सावकाश उघडणे. दोन ओळींच्या मध्ये कोरा कागद. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग मागचं पान, पुढचं पान, शेवटची सूचनांची यादी, सगळं पाहून झालं. कुठेच काही नव्हतं.

"शिकवताना मी दाखवलं असेल," बाई म्हणाल्या.

"शिकवताना नळी मी जोडायचे आणि व्हॉल्व्ह मी उघडायचे. तुम्ही बाजूला असायचात." धाकटीने त्या खुंटीकडे पाहिलं. "तुमचा हात मागे काहीतरी करायचा. मला वाटायचं तुम्ही टेकून उभ्या राहता. गुडघ्यामुळे."

सत्तावीस वर्षं तो हात आपला आपण चालला होता. ज्यांच्या घरी यंत्र होतं त्यांना ही सवय घरूनच लागलेली असायची. ज्यांच्या घरी नव्हतं, त्यांच्याजवळ होतं ते फक्त निळं पुस्तक, आणि बाईंचा हात. परीक्षेच्या दिवशी तो हात पिवळ्या पट्टीमागे बांधलेला असायचा. पुस्तकात लिहिलं होतं तेवढं त्या पोरांनी अगदी चोख केलं होतं. त्या चोखपणाला बाईंनी दुर्लक्ष असं नाव दिलं होतं.

"तू जा, जेवून घे," त्या धाकटीला म्हणाल्या. "आणि पिशवी भरू नकोस अजून."

साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हुशार आणि माणूस म्हणून भला. बैठका करून करून त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पान एक्केचाळीस दोनदा वाचलं, आणि खुर्चीत मागे रेलले.

"बाई, हे आपण शांतपणे निस्तरू. धाकटीची परीक्षा पुन्हा घेऊ. मी लिहितो, की यंत्रात आधीपासून अडचण होती, उमेदवाराचा दोष नाही. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत एक ओळ घालू. कोणाला पत्ता लागणार नाही."

"आणि ते तिघं?"

"कोण तिघं?"

"ज्यांना मी नापास केलं."

साहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं. "त्यांना जाऊन वर्षं झाली. काहीतरी दुसरं करत असतील. आता उकरून त्यांचं तरी काय भलं होणार?"

"आणि बुधवारचा प्रस्ताव? तो त्या तिघांवरच उभा आहे की."

"त्याला मी विरोध करीन. वेगळं काहीतरी कारण काढून." साहेब पुढे झुकले. "स्पष्टच बोलतो. तुमचा अपवादाचा कागद या पुस्तकावर टिकून आहे. पुस्तकच चुकलंय असं तुम्ही पाच देशांसमोर म्हणालात, तर तुम्हाला या खोलीत मी कशाच्या जोरावर ठेवू? उद्या तुम्हाला स्टोअरमध्ये बसवतील, नटबोल्ट मोजायला. मुलगी पास होते आहे, तुम्ही राहताय. आणखी काय हवं?"

बाईंना हे पटलं. खोटं कशाला सांगा, अगदी पटलं. जिना उतरताना त्यांना हलकंसुद्धा वाटलं. मुलगी सुटली, आपण सुटलो, झालं. बस थांब्यापर्यंत तो हलकेपणा टिकला. बसमध्ये बसल्यावर त्या तिघांचे चेहरे आठवायचा प्रयत्न केला तर दोघांचे धड आठवेनात. तिसऱ्याचा हात तेवढा आठवला. डावखुरा होता तो, सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे. आटे उलट्या बाजूने आवळायचा आणि बाई त्याच्यावर ओरडायच्या.

बाईंचे यजमान निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली. आता घरी वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेनने गोल करत बसायचे. बाई आल्या त्या थेट माळ्याकडे गेल्या.

"अहो, ती वही काढा बरं. मी पुस्तकासाठी लिहिली ती."

"आत्ता? आधी चहा तरी घे."

"आधी वही."

एक शेवटची आशा होती. वहीत ओळ असेल, भाषांतर करणाऱ्याने गाळली असेल. मग चूक त्याची. यजमानांनी स्टूल लावून वही काढली, धूळ झटकली. बाईंनी उभ्यानेच पान शोधलं. सात. आठ. मधे काही नाही. पानाच्या कडेला लाल पेनने "व्हॉल्व्ह"वर एक गोल होता.

"ही तुम्ही तपासली होती ना?"

"अक्षर न् अक्षर. सत्तर चुका काढल्या होत्या," यजमान अभिमानाने म्हणाले. मग बायकोचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. "का गं? राहिली का एखादी?"

बाईंनी सांगितलं. यजमान बराच वेळ वही धरून बसले. "मी शुद्धलेखन तपासलं. नळी कशी जोडतात ते मला काय कळणार? छापलेलं चुकलं तर डोळ्याला खटकतं. जे लिहिलंच नाही ते कोणाच्या डोळ्याला खटकणार?"

"माझ्या खटकायला हवं होतं. चौथ्या पोरापर्यंत वाट कशाला बघायची?"

"साहेब म्हणतात ते वाईट नाही पण."

"वाईट नाहीच. म्हणून तर जीव दमलाय." बाई खुर्चीत बसल्या, पाय पुढे ताणले. "मी फार दमलेय हो. मला वाटतं, गप्प बसावं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, ती माझ्या यंत्राजवळ काढावीत. त्या खोलीबाहेर मला काही येत नाही. स्टोअरमध्ये मी काय करू?"

"मग गप्प बस. कोणी फाशी देत नाहीये."

"तसं नाही हो. त्या तिघांनी घरी जाऊन सांगितलं असेल ना काहीतरी. काय सांगितलं असेल?"

यजमान चहा करायला उठले. बाई वहीकडे बघत राहिल्या. अक्षर अगदी सुरेख होतं, त्याचाच त्यांना राग आला.

बुधवारी दहा वाजता बैठक. भिंतीवरच्या पडद्यावर चार चौकोन, चौकोनांत माणसं. एका चौकोनात अध्यक्षीणबाई, पांढरे केस, बारीक फ्रेमचा चष्मा, कोणाचं बोलणं लांबलं की घड्याळाकडे बघायची सवय. पहिले दोन विषय नाश्त्याच्या सुट्टीसारखे निघून गेले. तिसरा विषय म्हणजे तो प्रस्ताव. साहेबांनी घसा साफ केला, तेवढ्यात मिस्त्रीबाई उभ्या राहिल्या. या बैठकीत कोणी उभं राहून बोलत नसे. बसून बोललो तर आपण मधेच थांबू अशी भीती बाईंना वाटत होती.

"पान एक्केचाळीस उघडा," त्या म्हणाल्या. "सात आणि आठच्या मधे एक पायरी आहे. ती मी लिहिलेली नाही. माझा हात ती रोज करतो, म्हणून ती लिहायची असते हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिच्यावाचून बूच बसतंच. तुमची तीन पोरं त्यामुळे नापास झाली, आता चौथी होत होती. त्यांनी पुस्तकाबरहुकूम काम केलं. तयारी त्यांची कमी नव्हती. दुर्लक्ष असं मी लिहिलं, ते चूक होतं. चूक माझी."

पडद्यावर एकाने कप ओठाशी नेला होता, तो तसाच राहिला. साहेब टेबलाकडे बघत होते.

"तुम्हाला खात्री आहे?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं. "भाषांतरात काही..."

"मूळ वही आणलीय. तिच्यातही नाही."

पुढचं सगळं वीस मिनिटांत आटोपलं. प्रस्ताव मागे. पुस्तक दुरुस्त होईपर्यंत बंद. धाकटीची परीक्षा यंत्र थंड झाल्यावर पुन्हा. तिघांचे निकाल फेरविचारासाठी. आणि मग अध्यक्षीणबाई घड्याळाकडे न बघता, जरा अवघडून म्हणाल्या, की अपवादाचा आधारच राहिला नसल्यामुळे शिक्षिकेची नेमणूकही थांबवावी लागेल. प्रमाणपत्र हवं असेल तर त्या पुढच्या तुकडीत उमेदवार म्हणून बसू शकतात. वयाची अट नाही.

"बरं," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. गुडघ्यातून कळ आली, ती त्यांनी गिळली.

धाकटी पास झाली. या खेपेला तिने नळी रिकामी करताना साठ नाही, चांगले दोनशे आकडे मोजले. नवा शिक्षक पट्टीमागे उभा होता, आणि बाई दाराच्या काचेतून बघत होत्या. जाताना धाकटी बाईंच्या गळ्यात पडली आणि रडली. पेट्या उघडताना फोन करीन म्हणाली. बाई म्हणाल्या, पेट्या उघडायच्या आधी कर, नंतर करून काय उपयोग.

स्टोअरमध्ये बसायची वेळ आली त्याच्या आदल्या दिवशी बाईंनी कार्यालयातून त्या तिघांचे नंबर मागून घेतले. समितीचं पत्र जायचं तेव्हा जाईल. आपण आपल्या तोंडाने सांगायला हवं, असं त्यांना वाटत होतं. पहिला नंबर आता दुसऱ्याच कोणाचा होता. दुसरा नंबर तिघांतल्या एका मुलीचा होता, आणि तिनेच उचलला. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकलं, "कळवलंत, आभारी आहे, मी कामात आहे" म्हणाली आणि फोन ठेवला. तिचा आवाज कसा होता ते बाईंना ठरवता येईना. रागाचा असता तर बरं वाटलं असतं.

तिसरा डावऱ्या. त्याने लगेच उचलला. मागे गाड्यांचे भोंगे, कुठेतरी लोखंड ठोकल्याचा आवाज.

"बाई? तुम्ही?"

"कसा आहेस? काय करतोस?"

"वडिलांचं गॅरेज आहे, तिथेच. रेडिएटर बघतो." तो हसला. "नळ्या काही सुटल्या नाहीत."

बाईंनी सांगितलं. पान, सात, आठ, मधली ओळ, बैठक, सगळं. बोलताना त्यांना वाटत होतं की तो मधेच ओरडेल. तो ऐकत राहिला. लोखंडाचा आवाज थांबला होता.

"मी तुम्हाला विचारलं होतं," डावऱ्या शेवटी म्हणाला.

"काय?"

"परीक्षेच्या आधी. विचारलं होतं, की नळीत जी हवा असते तिचं काय करायचं, पुस्तकात काही दिसत नाही. तुम्ही घाईत होता. म्हणालात, श्वास घ्यायचा हेसुद्धा पुस्तकात लिहू का? सगळे हसले. मीही हसलो."

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. काहीच आठवलं नाही. खोली, टेबल, पोरं, काहीच नाही. असं आपण म्हटलं असणार, एवढं मात्र त्यांना पक्कं कळलं. अगदी आपलंच बोलणं होतं ते.

"मग नापास केलं तेव्हा हे का नाही बोललास? समितीला लिहायचंस."

"तुम्ही आमच्या बाई. तुम्ही लिहिलंत दुर्लक्ष, म्हणजे मी कुठेतरी दुर्लक्ष केलंच असणार. घरी तेच सांगितलं. वडिलांनी गावभर दुकानादुकानांत सांगून ठेवलं होतं, मुलगा परदेशी शिकून येतोय म्हणून. मग तेही तेच सांगायला लागले, पोराचं लक्ष नव्हतं. वर्षभराने मलाही ते खरंच वाटायला लागलं."

"पुन्हा ये. फेरविचार होणार आहे. मी त्यांना..."

"नाही, बाई. आता नाही जमणार. माझं हे बरं चाललंय." मग तो म्हणाला, "एक करा. हे वडिलांना सांगा. इथेच आहेत, गाडीखाली. त्यांना सामायिक भाषा येत नाही. तुम्ही बोला, मी त्यांना आमच्या भाषेत सांगतो."

"सांगते," बाई म्हणाल्या.

फोन स्पीकरवर गेल्याचा आवाज आला. कोणीतरी खोकलं, काहीतरी सरकलं, एक जाडसर म्हातारा आवाज जवळ आला. बाई खुर्चीत सरळ बसल्या.

"तुमच्या मुलाची चूक नव्हती," त्या सावकाश म्हणाल्या. "चूक माझी होती. त्याने सगळं बरोबर केलं होतं."

डावऱ्या काही बोलेना.

"सांग ना त्यांना," बाई म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला, त्यांच्या भाषेत. वाक्य लहानसंच होतं. म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं. डावऱ्याने तेच वाक्य परत म्हटलं. म्हाताऱ्याने पुन्हा तेच विचारलं, या वेळी आवाज मोठा करून. मुलगा ते वाक्य तिसऱ्यांदा म्हणायला गेला, आणि त्याला ते पुरं करता येईना.